त्र्याऐंशीव्या पानावरची बाई

मी एक जुने पुस्तक आहे. अंगाने किडकिडीत, एकशे बेचाळीस पानांचे. माझ्या मुखपृष्ठावर चित्र नाही आणि पाठीवर कुणा थोरामोठ्याने केलेले कौतुकही नाही. माझ्या शेजारी उभा राहतो तो जाड्या मात्र सहाशे अठ्ठावीस पानांचा आहे. त्याच्याकडे फोटो आहेत, नकाशे आहेत, शेवटी नावांची लांबलचक सूची आहे. मित्रांनो, आम्हा दोघांत एकाच बाईची गोष्ट आहे. मी ती तिच्या तोंडून सांगतो, म्हणून मला आत्मकथन म्हणतात. जाड्या ती दुसऱ्याने शोधून, तपासून लिहिलेली सांगतो, म्हणून तो चरित्र. वाचणाऱ्याने आधी कुणाला हात लावावा, यावरून आम्हा दोघांत बरीच वर्षे धुसफूस चालू होती. ती कशी संपली ते सांगायला आज तोंड उघडले आहे.

माझी लेखिका हातमोजे शिवायची. दुसऱ्या महायुद्धात ज्यू माणसांना घराघरांतून ओढून काढत होते, आगगाड्यांत कोंबून छळछावण्यांकडे पाठवत होते, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तिच्या घरातून सहाजण गेले आणि एकटी तीच परत आली. त्यानंतर चाळीस वर्षे तिने या विषयावर अवाक्षर काढले नाही. लग्न केले, मुले वाढवली, दिवसाला आठ-आठ जोड हातमोजे शिवले. एक दिवस शाळेतून आलेल्या नातीने सहज विचारले, "आजी, तुला बहिणी किती होत्या?" आजीने तोंड उघडले, पण तिला बोलता येईना. मग तिने नातीचीच एक अर्धी कोरी वही घेतली आणि कापड बेतायच्या टेबलावर बसून लिहायला लागली. तीन वह्या भरल्या. लिहिलेले तिने फारसे खोडले नाही, आणि पुन्हा वाचलेही नाही.

एका लहानशा छापखान्याने त्या वह्यांच्या पाचशे प्रती काढल्या. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस मधेच दोनदा उठून अंगणात जाऊन उभा राहिला होता, एवढे मला आठवते. त्या पाचशेंतला मी एक. एका गावच्या वाचनालयात माझी रवानगी झाली. तिथे माझ्यावर शिक्का बसला, क्रमांक पडला, शेवटच्या पानावर तारखांची पट्टी चिकटवली गेली आणि खिडकीजवळच्या कपाटात, वरून तिसऱ्या खणात मला उभे केले. मला वाटले, चला, आता लोक येतील आणि तिचे ऐकतील.

लोक आले, नाही असे नाही. पण दहा-बारा वर्षांनी जाड्या आला आणि माझ्या सुखात विरजण पडले. त्याच्या लेखकाने नऊ वर्षे खपून कागदपत्रे तपासली होती, छावणीच्या याद्या पाहिल्या होत्या, वाचलेल्या माणसांना गाठून बोलते केले होते. आणि हो, माझ्या चुका काढल्या होत्या. माझ्या चाळिसाव्या पानावर लिहिले आहे की, छावणीतल्या पहिल्या हजेरीच्या दिवशी बर्फ पडत होते. जाड्याच्या तळटीपेत काय आहे? 'त्या आठवड्यात बर्फवृष्टी झाल्याची नोंद नाही. लेखिकेला मात्र बर्फ आठवते.' मित्रांनो, मला त्या तळटीपेचा फार राग यायचा. तिला थंडी वाजत होती, म्हणून पडले तिच्या आठवणीत बर्फ. यात जाड्याच्या बापाचे काय गेले?

वाचक आमच्यापुढे येऊन उभे राहत. एका हातात मी, दुसऱ्या हातात जाड्या. एक शिक्षिका मला घेऊन गेली, कारण परवापर्यंत वाचून संपायला हवे होते. कॉलेजातली मुले सूची बघून जाड्याला उचलत. एका गृहस्थांनी तर ग्रंथपालबाईंना सरळच विचारले, "या दोन्हींत कमी रडवणारं कोणतं?"

"दोन्ही राहू द्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही आज बागकामाचं न्या."

या ग्रंथपालबाई म्हणजे आमच्या वाचनालयाचा जीव. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, टेबलाच्या खणात खळीची बाटली आणि बोटांना कायम कागदाचा वास. आधी कोणते वाचू, असे कुणी विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असे. "आधी तिचं ऐका. मग तिच्याबद्दल ऐका." हे ऐकले की माझी छाती फुगायची. जाड्याही काही कमी फुगत नसे, कारण शेवटचा शब्द त्याचा राहायचा.

अशाच एका शनिवारी घड्याळकाका आले. डाकघराच्या मागच्या गल्लीत त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते आणि दुकानाच्या वरच घर. साठी गाठलेली, सतत वाकून काम केल्याने पाठीला बाक आलेला. त्यांनी आधी जाड्याला काढले, दोन्ही बाजूंनी पाहिले आणि परत ठेवून दिले. मग मला काढले आणि उभ्या उभ्या वाचू लागले. एक तास गेला, दीड तास गेला. बाईंनी खुर्ची आणून ठेवली, पण ते बसले नाहीत. त्र्याऐंशीव्या पानावर मात्र ते थांबले. त्या पानावर माझ्या लेखिकेने लिहिले आहे:

'माझ्या वरच्या फळीवर एक बाई झोपायची. तिचे नाव मी विसरले, याची मला लाज वाटते. तिच्या डाव्या मनगटावर इस्त्रीचा जुना डाग होता. तिने मुलाला मागच्या खिडकीतून शेजारणीच्या हातात दिले होते. तेव्हा त्याच्या उजव्या पायातला मोजा टाचेवर फाटलेला होता. तो आता कोण शिवून देणार, हेच ती रोज विचारायची. आम्ही सगळ्या भुकेने मरत होतो आणि ती मोज्याबद्दल बोलायची. फेब्रुवारीत तिला नेले. ती परत आली नाही.'

घड्याळकाकांनी पान उलटले, पुढच्या पानावरच्या दोन-तीन ओळी वाचल्या आणि परत मागे आले. त्र्याऐंशीवे पान त्यांनी पुन्हा वाचले. मग मला छातीशी धरून ते टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "हे द्या."

त्या दिवसापासून अकरा वर्षे मी त्यांच्या घरी राहिलो. दर तिसऱ्या शनिवारी ते मला वाचनालयात आणायचे, बाई पट्टीवर नवी तारीख मारायच्या आणि मी आल्या पावली परत जायचो. एक पट्टी भरली की दुसरी, दुसरी भरली की तिसरी. मला मागायला कुणी आले तर बाई सांगत, "ते बारकं बाहेर आहे, हे न्या," आणि जाड्याला पुढे करत. मला वाईट वाटायचे आणि बरेही वाटायचे. जाड्याला अनेकांनी चाळले असेल, पण असा जीव लावणारे माणूस त्याला कुठे मिळाले होते?

त्यांच्या घराची रीत सांगतो. शनिवारी दुपारी दुकान बंद करून काका वर यायचे आणि मला उघडण्याआधी साबणाने दोनदा हात धुवायचे. दिवसभर घड्याळांच्या तेलात काम करणारा माणूस, पण माझ्यावर एक डाग पडू दिला नाही. त्यांची मुलगी दवाखान्यात नर्स होती. आई गेल्यापासून घर तीच बघायची. पायातले बूट काढून ती स्टुलावर बसायची आणि काका त्र्याऐंशीवे पान मोठ्याने वाचायचे. तेवढे एकच पान. पुढे कधीच गेले नाहीत. वाचून झाले की मुलगी विचारायची, "झालं?" ते म्हणायचे, "झालं." मग ती चहा टाकायची. मोजे फाटले की मुलगी नवे आणायची, पण काका जुनेच घेऊन बसायचे आणि घड्याळाच्या चिमट्याने धागा ओढत टाच रफू करायचे.

काका स्वतः लहानपणी खिडकीतून दिलेले मूल होते. शेजारच्या दूधवालीने त्यांना गोठ्यात लपवले, वाढवले, आपले आडनाव दिले. त्यांच्या आईला ज्या गाडीत घातले ती गाडी माझ्या लेखिकेच्याच छावणीत गेली, एवढे दूधवालीने कुणाकडून तरी ऐकले होते. मुलीला हे ठाऊक होते. गावात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हते. काकांनी सांगितले नाही आणि कुणी विचारले नाही.

बाईंनी त्यांना एकदा सुचवून पाहिले होते. "काका, यांचंच ते मोठंही आहे. त्यात सगळी माहिती आहे."

"नको बाई," काका म्हणाले. "मला सगळी माहिती नकोय."

मग माझी शिवण सुटली. अकरा वर्षे एकाच ठिकाणी उघडून उघडून पाठ पार खिळखिळी झाली होती. बाईंनी मला दुरुस्तीसाठी दोन आठवडे ठेवून घेतले. इथे त्यांच्या एका सवयीबद्दल सांगायला हवे. त्यांनी आपल्या मनाने एक पद्धत सुरू केली होती. प्रत्येक आत्मकथनाच्या शेवटी त्या एक जोडचिठ्ठी चिकटवायच्या. यातल्या अमुक पानावरच्या गोष्टीची अधिक माहिती तमुक चरित्राच्या तमुक पानावर आहे, असे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असे. हे काम त्यांना कुणी सांगितले नव्हते. पण वाचकांची शोधाशोध वाचायची, म्हणून त्या घरून डबा आणून उशिरापर्यंत बसत. कपाटातल्या सगळ्या आत्मकथनांना चिठ्ठ्या लागल्या होत्या. मी एकटा राहिलो होतो, कारण मी कधी कपाटात नसायचोच.

बाईंनी मला नवी शिवण घातली आणि मग जाड्याला माझ्या शेजारी उघडून ठेवले. चार दुपारी त्या दोन्हींतली पाने ताडून पाहत होत्या. चौथ्या दुपारी त्या चारशे अकराव्या पानावर आल्या आणि त्यांनी टेबलावर थाप मारली. जाड्याच्या लेखकाला ती वरच्या फळीवरची बाई सापडली होती! तिचे नाव होते, ती कपड्यांना इस्त्री करून द्यायची हे होते, आणि तिचा मुलगा जिवंत होता. तो समुद्रापार स्थायिक झाला होता आणि जहाजावर स्वयंपाकी म्हणून त्याची उमर गेली होती. फाटक्या मोज्याची गोष्ट त्याने लेखकाला आपणहून सांगितली होती.

"काकांना केवढा आनंद होईल!" बाई मोठ्याने म्हणाल्या. वाचनालयात तेव्हा कुणी नव्हते. मी त्र्याऐंशीव्या पानावर आपोआप उघडतो, हे त्यांनी पाहिले होते. त्यांना वाटले, इतकी वर्षे काका बिचारे याच प्रश्नापाशी अडले आहेत. त्यांनी आपल्या सर्वांत सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहिली. 'पान ८३ : ही बाई कोण, तिच्या मुलाचे पुढे काय झाले, हे चरित्रात पान ४११ वर पाहावे.' ओली खळ माझ्या पाठीला लागली तेव्हा मी ओरडलो असतो. पण पुस्तकाला छापलेले सोडून दुसरे काही बोलता येत नाही.

शनिवारी काका आले. बाईंनी त्यांना खुर्चीत बसवले.

"काका, आज तुमच्यासाठी एक गंमत आहे."

काकांनी चिठ्ठी वाचली. बाईंनी खूण घालून ठेवलेला जाड्या त्यांच्यापुढे सरकवला. काकांनी चष्मा पुसला, परत घातला आणि ते पान वाचले. छोटेच होते, पण त्यांना बराच वेळ लागला.

"हे नक्की आहे?" त्यांनी विचारले.

"अगदी नक्की. यांनी मूळ याद्या पाहिल्यात. आणि मुलगा स्वतः बोललाय त्यांच्याशी. मोज्याचं त्यालाही आठवतंय. ते खाली दिलंय बघा."

"हो. वाचलं."

"केवढं शोधलंय ना माणसानं!"

"केवढं शोधलंय," काका म्हणाले. "म्हणजे मुलगा आहे तिला."

"आहे ना!"

"बरं झालं. फार बरं झालं, बाई."

त्यांनी मला मिटले, माझ्यावरून एकदा तळहात फिरवला आणि मला बाईंकडे सरकवले. बाईंनी शिक्का उचलला तर ते म्हणाले, "राहू दे इथेच. दुसऱ्या कुणाला लागलं तर असावं." मग टोपी घालून ते निघून गेले. बाई त्या दिवशी खुशीत होत्या. एका वाचकाचा अकरा वर्षांचा प्रश्न सुटला, असे त्यांनी दोघातिघांना सांगितलेसुद्धा.

मी जाड्याशेजारी उभा राहिलो. पुढचा शनिवार गेला, तिसरा शनिवार गेला. दार वाजले की मी कान टवकारायचो. दोन महिने झाले आणि एका दुपारी काकांची मुलगी आली. कामावरून थेट आली होती, अंगात अजून दवाखान्याचे कपडे होते.

"मॅडम, आमचं पुस्तक कुठंय?"

"तुमचं?" बाईंना कळेना. मग ओळख पटली. "अगं, काकांची ना तू? ते तर त्यांनी परत केलं."

"तेच तर. विचारलं तर म्हणतात, वाचून झालं. अकरा वर्षं झालं नाही ते एका शनिवारी कसं झालं? दुकान उघडत नाहीत. घड्याळांना किल्ली देत नाहीत, सगळी बंद पडलीत घरातली. जेवायला वाढलं की म्हणतात, ठेव तिथं, खातो मागाहून. इथे काही झालं का?"

बाईंनी मला काढून चिठ्ठी दाखवली. दाखवताना त्यांचा आवाज जरा खाली आला होता. मुलीने चिठ्ठी वाचली, जाड्या उघडला, पान काढले. वाचून झाल्यावर ती कपाटाजवळच्या शिडीच्या पायरीवर बसली.

"हे काय केलंत तुम्ही?" ती म्हणाली. "आमच्याकडे आजीचा एक फोटो नाहीये. चमचा नाही, रुमाल नाही, काही म्हणजे काही नाही. हे एक पान होतं."

"मला कुठे माहीत होतं गं? काका कधी काही बोलले नाहीत."

"ते कुणाशीच बोलत नाहीत. तुम्ही विचारायचं होतं एकदा. एवढी पुस्तकं धुंडाळलीत, एकदा माणसाला विचारायचं होतं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला पिशवीत घातले आणि दुपारी वाचनालय बंद ठेवून काकांचे घर गाठले. इतक्या वर्षांत वाचनालय त्या वेळी बंद राहिल्याचे मी पाहिले नव्हते.

काका खिडकीशी बसले होते. दाढी वाढली होती. भिंतीवर पंधरा-वीस घड्याळे होती आणि एकही चालत नव्हते. मुलीने बाईंना स्टूल दिले. बाई बसल्या आणि त्यांना रडूच फुटले.

"काका, माझं चुकलं. तुमच्या आईचं पान मी तुमच्याकडून काढून घेतलं."

"तुमचं काही चुकलं नाही," काका म्हणाले. "आणि ती माझी आई नव्हती. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मुलगी दारातच थांबली. "काय म्हणालात?"

"पुढचं पान वाच."

मुलीने मला घेतले. मी सवयीने त्र्याऐंशीव्या पानावर उघडलो. तिने पान उलटले आणि चौऱ्याऐंशीव्याच्या पहिल्या ओळी वाचल्या. 'मुलगा दुसरीत होता, असे ती सांगायची. त्याला बारापर्यंत पाढे येत होते, याचा तिला मोठा अभिमान होता.'

"मला दिलं तेव्हा मी चार वर्षांचा होतो," काका म्हणाले. "पाढे कुठले? मला धड माझं आडनाव सांगता येत नव्हतं."

"मग बाबा, अकरा वर्षं आपण..." मुलगी मला घेऊन खाली बसली.

काका सावकाश बोलू लागले. इतके सलग बोललेले मी त्यांना कधी ऐकले नव्हते.

"त्या दिवशी वाचलं ना, तेव्हा वाटलं, हिची आठवण काढायला कुणी उरलेलं नसणार. जिने लिहिलं तिलासुद्धा नाव आठवत नाही. म्हटलं, मी काढतो. माझ्या आईच्याही खालच्या फळीवर कुणी तरी असेल. तिने कुठे तरी लिहिलं असेल, नाव न घालता. आणि कुठल्या तरी गावात कुणी तरी माणूस ते पान वाचत असेल दर शनिवारी. मी इकडे हिचं करायचं, त्याने तिकडे माझ्या आईचं करायचं. असं मी आपलं मनाशी धरून चाललो होतो."

"मग हिचा मुलगा सापडला, ते चांगलंच झालं की, काका," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

"चांगलंच झालं. तो सख्खा मुलगा आहे, त्याला मोजा आठवतो. मग मी कोण? मी अकरा वर्षं दुसऱ्याच्या आईजवळ बसलो होतो, बाई. उठावं लागलं."

मुलीने तोंडावर हात धरला. बाई पुढे सरकल्या. ज्या कामात त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते, तेच त्यांनी पुढे केले.

"काका, मी शोधते. आमच्याकडे बारा-तेरा चरित्रं आहेत, सगळ्यांना सूच्या आहेत. दुसऱ्या वाचनालयांना पत्रं टाकते. तुमच्या आईचं नाव फक्त सांगा."

"आई."

"हो, पण नाव काय त्यांचं?"

"आई," काका पुन्हा म्हणाले. "चार वर्षांच्या पोराला आणखी कुठलं नाव माहीत असतं?"

मित्रांनो, मी त्या वेळी मुलीच्या मांडीवर होतो. जाड्याच्या मागची सूची मला आठवली. तिथे दीड हजार नावे आहेत, अक्षरांच्या क्रमाने लावलेली. काकांच्या आईला त्या सूचीत शिरायला एक अक्षरही नव्हते.

निघताना बाईंनी विचारले, "हे ठेवू का तुमच्याकडे? कितीही दिवस ठेवा."

"न्या," काका म्हणाले. "कुणी तरी वाचेल."

"दुसऱ्या कुणाचं पान काढू का? यात आणखी आहेत माणसं."

काका हसले. त्या घरात मी त्यांना हसताना पाहिले ते तेवढेच. "आता या वयात आणखी कुणाचा मुलगा होऊ?"

थंडी संपता संपता काका गेले. मुलीने येऊन सांगितले. दुरुस्तीला आलेली घड्याळे तिने ज्याची त्याला परत केली होती, काही दुरुस्त, बरीचशी तशीच. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि मुलीचा हात हातात धरून बसून राहिल्या. जोडचिठ्ठी त्यांनी काढली नाही. चारशे अकराव्या पानावरचे खरे आहे आणि त्या बाईला तिचे नाव परत मिळाले आहे, ते पुन्हा झाकून ठेवायचा हक्क कुणालाच नाही. पण त्या दिवसापासून बाई चिठ्ठी चिकटवण्याआधी थांबतात. कुणी एकच पुस्तक परत परत नेत असेल तर त्याला टेबलापाशी बसवतात आणि विचारतात, "यात तुमचं कोण आहे?" काहीजण उत्तर देतात. काहीजण नुसतेच रडतात.

जाड्याशी माझे भांडण आता उरलेले नाही. तो नऊ वर्षे राबला म्हणून एका आईला नाव मिळाले आणि म्हाताऱ्या झालेल्या तिच्या मुलाला आई मिळाली. हे मला कधीच जमले नसते. पण जिचा कुठे तरी एखादा कागद उरला आहे, तिच्यापर्यंतच त्याला पोचता येते. कागद उरला नाही अशी माणसे माझ्याकडे आहेत, कारण ती कुणा तरी शिवणकाम करणाऱ्या मुलीच्या डोळ्यांसमोर होती आणि तिने ती चाळीस वर्षे मनात ठेवली. तेव्हा आधी कोणते वाचू, असे मला विचाराल तर मी आता छाती फुगवून काही सांगणार नाही. तुमच्या हाताला येईल ते घ्या, पण घाई करू नका. ती पाने माणसांनी भरलेली आहेत आणि त्यांना ढकलत पुढे जाऊ नका. आणि तुमच्या घरात कुणी एखाद्या पानापाशी वर्षानुवर्षे अडून बसले असेल, तर पुस्तकांत शोधण्याआधी त्याला विचारा. आमच्या बाईंनी चार दुपारी मला विचारले आणि काकांना एकदाही विचारले नाही, याचे दुःख त्या अजून वागवतात.

एक गोष्ट राहिली. बाईंनी त्या दिवशी काकांना सांगितले ते खरे आहे. माझ्यात बिननावाची आणखी सतरा माणसे आहेत. जाड्यालाही ती सापडली नाहीत. एकोणतिसाव्या पानावर एक मुलगी आहे, ती गाडीत सगळ्यांच्या वेण्या घालून देत होती. सत्तावन्नाव्या पानावर एक म्हातारी आहे, ती आपली भाकर मोडताना मोठा तुकडा कुणाला द्यायचा ते आधी ठरवायची. एकशे सतराव्या पानावर एक बाई आहे. ती कुणाशीही बोलायची नाही, फक्त लहान मूल रडल्याचा आवाज आला की उठून उभी राहायची. ती कुणाची आई होती, हे कुणालाही माहीत नाही.

काका गेल्यानंतर महिन्याभराने त्यांची मुलगी एका शनिवारी आली. तिने मला मागून घेतले आणि खिडकीजवळ बसली. मी त्र्याऐंशीव्या पानावर उघडलो, तसे तिने ते पान हलकेच उलटले आणि पुढे पुढे जात एकशे सतराव्यावर थांबली. ते तिने हळू आवाजात वाचले. नंतर तिने बाईंकडून पट्टीवर तारीख मारून घेतली आणि ती मला घरी घेऊन गेली. आता ती दर तिसऱ्या शनिवारी मला आणते आणि परत नेते.

सतरांतली एक गेली, सोळा उरली आहेत. मित्रांनो, कधी माझ्यासारखे एखादे बारके पुस्तक तुमच्या हाती आले, तर त्यातल्या कुणा तरी एकाजवळ थोडा वेळ बसा. तिथून तुम्हाला कुणी उठवायला येणार नाही.